शंभरपैकी शहाण्णव

बटण दाबण्याआधी आप्पा उजव्या हाताची तर्जनी शर्टाला पुसायचे. एकदा पुढून, एकदा मागून. मग चष्मा कपाळावर सारायचे, मान मागे न्यायचे आणि डोळे बारीक करून ते बटण दाबायचे. दाबलं की दोन्ही हात मांडीवर ठेवून निकालाची वाट बघत बसायचे. पडद्यावर एक गोल फिरायचा, आकडा उमटायचा आणि आप्पा सुस्कारा सोडून म्हणायचे, "शहाण्णव. आजून चार बाकी शेतस."

आप्पा आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत मोठे बाबू होते आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर परीक्षेचं काम बघायचे. शहाद्याकडच्या कुठल्याही कचेरीत असतं तसंच आमचंही होतं. बोलणं सगळं अहिराणीत, लिहिणं सगळं 'उपरोक्त विषयान्वये'मध्ये. त्या दोन्हींच्या मधे आप्पांनी इंटरनेटवरची एक सोय शोधून काढली होती. आपण लिहिलेला मजकूर तिथे टाकायचा. मग ती चुका दाखवते, वाक्यं बदलून देते, मजकूर सौम्य हवा की ठाम हवा ते विचारते आणि शेवटी शंभरपैकी मार्क देते. आप्पा तिला 'मशीन' म्हणायचे. सुरुवातीला मशीनला मराठी येत नव्हतं. तेव्हा आप्पा आपली मराठी इंग्रजीत करायचे, इंग्रजी सुधारून घ्यायचे आणि पुन्हा मराठीत आणायचे. एवढ्या प्रवासात 'वर्गखोल्यांना रंग देणे' या विषयाचं काय व्हायचं ते विचारू नका.

मशीनला मराठी आलं आणि आप्पांना आवरणं कठीण झालं. पाण्याच्या टाकीवर पूर्वी 'नळ बंद करा' अशी पाटी होती. आप्पांनी ती मशीनमधून काढली. नवी पाटी सात ओळींची झाली. तिच्यात पाण्याचं महत्त्व, आपली सामूहिक जबाबदारी आणि भावी पिढी असं सगळं आलं. नळ बंद करायचं शेवटच्या ओळीत होतं. मुलं बाटली भरायला यायची, पाटी वाचायला लागायची आणि नळ वाहत राहायचा. मी हे आप्पांच्या लक्षात आणून दिलं तर ते म्हणाले, पाटीला अठ्ठ्याण्णव आहेत, दोष मुलांच्या वाचण्यात आहे.

आमच्या शिपाईभाऊंच्या रजेच्या अर्जाची गोष्ट तर तालुक्यात पसरली. अर्ज साधा होता. घरी म्हैस व्यायली आहे, दोन दिवस रजा मिळावी. आप्पांनी तो सौम्य करून घेतला. 'कुटुंबात नुकत्याच झालेल्या नव्या आगमनामुळे' असं काहीतरी होऊन तो प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य नवे होते, पुण्याकडून आलेले. शिपाईभाऊ तिसऱ्या दिवशी कामावर आले तेव्हा प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावून त्यांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. शिपाईभाऊंना निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिली होती आणि त्यांना चार नातवंडं होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. फुलं चांगली होती म्हणून शिपाईभाऊ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीसाठी डबाभर खरवस आणला. प्राचार्यांनी दोन वड्या खाल्ल्यावर विचारलं की हा कशाबद्दल, आणि तेव्हा कुठे उलगडा झाला.

मी हसायचे, चिडवायचे आणि खरं सांगते, पुष्कळदा चिडायचेही. कारण हाच माणूस तोंडाने बोलायला लागला की आम्ही हातातलं काम खाली ठेवायचो. चहाच्या वेळेला आप्पा गोष्ट सांगायचे आणि बाहेर शुल्क भरायला आलेली मुलं खिडकीत हात तसेच ठेवून ऐकत राहायची. बहुतेक गोष्टी त्यांच्या अक्काच्या असायच्या. आई गेली तेव्हा आप्पा तीन वर्षांचे होते आणि अक्का बारा वर्षांची. तिने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. शाळेत यांना मास्तरांनी मारलं तेव्हा ती शेतातून तशीच, हातात विळा घेऊन, वर्गाच्या दारात उभी राहिली. बोलली एक शब्द नाही, नुसती उभी राहिली. मास्तर पुढे वर्षभर आप्पांना 'आपण' म्हणायचे.

असं सांगणाऱ्या माणसाला मशीन कशाला लागतं, असं मी एकदा विचारलंच. त्यांनी सांगितलं ते असं. नोकरी नवी होती. पावसाने रस्ता बंद झाला म्हणून त्यांनी वर एक पत्र लिहिलं, जसं बोलतो तसं, 'पानी गैरं पडी ऱ्हायनं', म्हणजे फार पाऊस पडतोय, असं. तेव्हाच्या साहेबांनी ते पत्र त्यांना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलं. तीनदा. प्रत्येक वेळी लोक जास्त हसले. तेव्हापासून कागदावर आपलं बोलणं उतरू द्यायचं नाही असं आप्पांनी ठरवलं होतं. ऐकून मला वाईट वाटलं, पण मार्कांचं वेड सहन करायला तेवढं पुरेसं नव्हतं.

आणि मग मुलाचं लग्न आलं.

आमच्याकडची लग्नपत्रिका तुम्ही पाहिली असेल. वर देव, मधे नवरानवरी आणि खाली नावंच नावं. निमंत्रक वेगळे, विनीत वेगळे, स्नेहांकित वेगळे, व्यवस्थापक वेगळे. एकाच आडनावाची तीस-तीस माणसं एका खाली एक उभी असतात. आप्पांनी ही पत्रिका मशीनमध्ये टाकली. मशीनने सांगितलं की एकच आडनाव वारंवार आलं आहे, वाचकाला कंटाळा येऊ शकतो, यादी टाळावी. आप्पांनी तर्जनी शर्टाला पुसली आणि 'सर्व सूचना स्वीकारा' दाबलं. सगळी नावं जाऊन तिथे 'आणि समस्त परिवार' एवढंच उरलं. मार्क पडले नव्व्याण्णव. आजवरचा सगळ्यात मोठा आकडा होता, आप्पांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

छापखान्याच्या चाचांनी त्यांना अडवून पाहिलं. तीन पिढ्या त्यांच्या घरात छपाई चालत आलेली, अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांच्या हातून गेलेली. मी तेव्हा प्रश्नपत्रिकांच्या कामाने तिथेच बसले होते. चाचा कागदावरून मान वर न करता म्हणाले, "आप्पा, लगीन शे ते सगळासले पहिलेच मालूम ऱ्हास. पत्रिका लोक आपलं नाव दखाले उघाडतस."

आप्पांनी त्यांना नव्व्याण्णवचा आकडा मोबाइलवर दाखवला. चाचांनी पत्रिका छापली.

भावकी रुसली, पण जेवणं चांगली झाल्यामुळे बहुतेक जण पंगतीतच निवळले. अक्का निवळली नाही. पत्रिकेत आत्याचं नाव पहिलं असतं, आणि ही तर आत्या कमी आणि आजी जास्त होती. ती लग्नाला आली, हळद लावली, आत्याने करायचं ते सगळं केलं. निघताना तिने पत्रिका मागून घेतली, उलटून दोन्ही बाजूंनी बघितली आणि आप्पांच्या हातात परत दिली. ब्राह्मणपुरीच्या पुढे तिचं सासर, मोटारसायकलवर अर्ध्या-पाऊण तासाची वाट. त्यानंतर ती त्या वाटेने माहेरी आली नाही.

आता अखजीचं सांगायला हवं. अखजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आणि खानदेशात हा सासुरवाशिणींचा सण. लेकीबाळी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खातात. सत्तर वर्षांची म्हातारीही अखजीला कोणाची तरी मुलगी असते. पण ती आपली आपण येत नाही. भावाने जाऊन तिला आणायचं असतं. त्या आणायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. आप्पा पस्तीसेक वर्षं अक्काचे मुराळी होते. आधी सायकलवर, मग मोटारसायकलवर. एकही अखजी चुकली नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्या अखजीला आप्पांना तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून त्यांनी फोन केला. अक्काने गुडघ्याचं निमित्त सांगितलं. दुसऱ्या अखजीला त्यांनी ठरवलं की आधी माफीचं पत्र पाठवायचं, ते पोचलं की मग पुढचं. आयुष्य कचेरीत गेलेलं. आधी कागद जातो, त्यावर सही होते आणि मगच माणूस हलतो, असंच त्यांच्या अंगात मुरलं होतं. पण पत्राचे शंभर मार्क होईनात आणि त्या वर्षीची अखजी मशीनसमोरच गेली. लोणखेड्याच्या त्यांच्या घरी निंबाला सुनेने झोका बांधला होता. त्यावर शेजारची पोरं बसली.

तिसऱ्या वर्षी ते माझ्याकडे आले. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, अक्का सहासष्टनी शे. या अखजीले नही उनी ते मंग मी काय करू?"

मी म्हटलं, दाखवा काय लिहिलंय ते.

त्यांनी एक जाडजूड बाड काढलं. अकरा पत्रं होती. औपचारिक पत्रात 'आपल्या अनुपस्थितीमुळे झोका विनावापर पडून आहे, ही बाब खेदाने निदर्शनास आणण्यात येत आहे' असं होतं. ठाम पत्रात 'आपण अक्षय्य तृतीयेस उपस्थित राहाल याची आम्हाला खात्री आहे', म्हणजे न आल्यास पगार कापला जाईल अशा चालीवर. उत्साही पत्रात आमरसाचं असं वर्णन होतं की पत्र बहिणीला आहे की गिऱ्हाइकांना हे कळेना. संक्षिप्त पत्रात फक्त 'कृपया यावे' एवढंच उरलं होतं. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं आणि वर पाहिलं तर आप्पा हसत नव्हते.

बाडाच्या सगळ्यात तळाशी जुन्या परीक्षा अर्जाच्या पाठीमागे पेनाने लिहिलेलं काही होतं. ते त्यांचं पहिलं लिहिणं. 'अक्का, मी चुकनू. तुन्हं नाव मी खोडं नही, माले समजनंच नही. तुन्हाबिगर झोका रिकामा शे. ये ना व.' बस, एवढंच. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी इमानदारीने मार्कही लिहून ठेवले होते. एकतीस.

मी म्हटलं, आप्पा, हे पाठवा. हेच पाठवा. त्यांनी तो कागद माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

"हाई का लिखनं शे?" ते म्हणाले. "हाई ते बोलनं शे."

शेवटी त्यांनी शहाण्णववाला मजकूर पाठवला. आता तो कसा होता ते सांगायला मला शब्द नाहीत, कारण त्याच्यात एकही शब्द लक्षात राहण्यासारखा नव्हता. सुवाच्य छापून, घडी घालून, पाकिटावर पत्ता दोनदा तपासून तो टपालात टाकला गेला. आप्पा मला सांगत राहिले की आणखी चार मार्क मिळाले असते तर काम नक्की झालं असतं. मग ते रोज मोबाइल उताणा ठेवून उत्तराची वाट बघायला लागले.

उत्तर अखजीच्या आधी दोन दिवस आलं, सकाळी अकराच्या सुमारास. अक्काला लिहिता येत नव्हतं. नातीच्या मोबाइलवरून तिने बोलून पाठवलं होतं. आप्पांना ते एकट्याने ऐकायचं धैर्य होईना, म्हणून त्यांनी मला बसवून घेतलं आणि मोबाइल दोन टेबलांच्या मधे ठेवला. आवाज मोठा होता. सगळ्या कचेरीला ऐकू गेलं.

"कागद भेटना रे भाऊ. नातनी वाची दावा. गैरा ग्वाड लिखेल शे. पन माले लेवाले कोन ई ऱ्हायना, ते त्यामा कोठेच लिखेल नही."

एवढंच होतं. मला न्यायला कोण येतंय ते त्यात कुठेच लिहिलेलं नाही. आप्पांनी ते पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण मला रडू येत होतं आणि शिपाईभाऊ चहाचे पेले घेऊन तिथेच उभे होते.

आणि आता ऐका, या माणसाने काय केलं. त्याने मशीन उघडलं. त्यात लिहिलं, 'मी येतो.' तर्जनी शर्टाला पुसली, पुढून आणि मागून, आणि बटण दाबलं. मशीनने सांगितलं की मजकूर फार त्रोटक आहे, येण्याचा उद्देश, दिनांक आणि वेळ स्पष्ट करावी. मार्क बारा. आप्पांनी चष्मा खाली ओढला आणि खरोखरच उद्देश लिहायला घेतला.

माझा तोल गेला. मी उठले आणि त्यांच्या पडद्याची वायर ओढून काढली. वयाने, हुद्द्याने, सगळ्याच बाबतीत वडील माणूस, पण मी बोललेच. म्हटलं, आप्पा, तिने पत्र मागितलेलं नाही, भाऊ मागितलाय. तुम्ही पाऊण तास लांब बसून तीन वर्षं काय तपासताय?

ते काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली, ती बरोबर आहे की नाही ते बघितलं आणि उठले. डबा टेबलावर, रजेचा अर्ज नाही, सही नाही. फाटकाबाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा शिपाईभाऊ म्हणाले की आप्पांनी कामाच्या वेळेत फाटक ओलांडलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी प्राचार्यांनी विचारलं, मोठे बाबू कुठे आहेत. मग त्यांचा रजेचा अर्ज मीच लिहिला. 'आप्पा बहिणीला आणायला गेले आहेत.' प्राचार्यांनी तो दोनदा वाचला, म्हैस वगैरे काही नाही ना असं विचारलं आणि सही केली.

अखजीच्या दिवशी आप्पांचा राहिलेला डबा देण्याचं निमित्त करून मी लोणखेड्याला गेले. निंबाखाली बायका झोक्यावर होत्या आणि ओट्यावर अक्का बसली होती. लहानशी, वाळकी, पाय पसरून आंबे पिळत होती. मी कचेरीतली म्हणताच तिने मला खालून वर न्याहाळलं.

"तू का व ती, कागद लिखनारी?"

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा निंबाकडे बघत होते. मला सगळं कळलं. वाटेत तिने विचारलं असणार की एवढं गोड पत्र तुला कोणी लिहून दिलं, आणि यांनी माझं नाव सांगून टाकलं असणार. शहाण्णव मार्कांचं ते पत्र माझ्या माथी आलं होतं. म्हटलं, हो अक्का, मीच. पुढच्या वेळी मधे पडू नकोस, भावाचं भावाला लिहू दे, असं तिने मला चांगलंच सुनावलं आणि मग जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून आत पिटाळलं. तिच्या पिशवीत सांजोऱ्यांचा डबा होता, तो काढून आण म्हणाली.

पिशवी आतल्या खोलीत खुंटीला होती. डब्याखाली नवं कोरं लुगडं होतं आणि त्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. घड्यांवर पिवळे पट्टे पडले होते. डबा घेऊन बाहेर आले आणि सहज विचारलं की अक्का, एवढं चांगलं लुगडं असं दुमडून का ठेवलंय, नेसा ना आज.

आप्पा रसासाठी साखर आणायला उठून गेले होते. अक्काने ते लांब गेल्याची खात्री केली.

"दोन्ही अखजीले मी पिशवी भरीसन दारमा बठनू," ती म्हणाली. "संध्याकाय व्हये ते परत खुंटीले टांगी दिऊ. हाऊ येडा तठे कागद लिखत बठेल."

आणि तिने पुढचा आंबा हातात घेतला.